येडूचं नाव कुणी नेलं?

१

सोलापुरात चोऱ्या होतात त्या मोटारसायकलींच्या, मोबाइलच्या, आणि लग्नसराईत आहेराच्या पाकिटांच्या. पण एका माणसाचं चक्क नाव चोरीला गेलं, आणि तेही तो माणूस उंच भिंतींच्या आत, कुलपाच्या मागं, दारावर बंदूकवाला शिपाई अशा बंदोबस्तात बसलेला असताना, असं एकदाच झालं. त्याचा तपास निवृत्त फौजदार चनबसप्पा बिराजदारांनी केला. केला नसता तर बरं झालं असतं, असं पुढं ते स्वतःच म्हणायचे.

चनबसप्पा मूळचे मैंदर्गीचे. घरात कन्नड, दारात मराठी आणि रागात दोन्ही. नाक असं की उन्हाळ्यात समोरच्यानं त्याच्या सावलीला बसावं. नोकरीत असताना याच नाकानं म्हणे त्यांनी अक्कलकोटच्या रस्त्यावर जीपमध्ये बसून वळसंगच्या पलीकडची हातभट्टी हुंगली होती. यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं निम्मं काही कमी नाही. निवृत्तीनंतर हे नाक घरी बसून शेंगाचटणीतलं मीठ काढायला लागलं, तेव्हा बायकोनंच त्यांना हाकललं, कुठंतरी जाऊन बसा म्हणाली. ते वकील विजयमालाबाईंच्या ऑफिसात जाऊन बसू लागले.

विजयमालाबाई कैद्यांची कामं फुकट करायच्या. कोर्टाच्या मागच्या गल्लीत एक खोली, एक टेबल, चार खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. कपाटाचं कुलूप कधीच बिघडलेलं. कैद्यांच्या फायली कोण चोरणार, असं बाई म्हणायच्या, आणि त्या सोमवारी सकाळी तेच कपाट उघडून त्या आत बघत उभ्या होत्या.

"अप्पा," त्या म्हणाल्या, "येडूची फाइल बघा जरा."

येडू जन्मठेपेचा कैदी. मंद्रूपकडचा मेंढपाळ. मेंढरं उभ्या ज्वारीत शिरली, शेतमालक कुंडलिक धावून आला, बाचाबाची झाली, आणि येडूची काठी कुंडलिकच्या डोक्यात बसली. कुंडलिक तिथंच गेला. येडूला त्या वेळी पकडून आणणारे फौजदार म्हणजे हेच चनबसप्पा. आता या येडूनं तुरुंगातून अर्ज केला होता की मला कायद्यानं नाव बदलून हवं. येडूचा अजिनाथ व्हायचं होतं.

काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. बाहेरचा माणूस ऑनलाइन अर्ज करतो, फोटो चिकटवतो, प्रतिज्ञापत्र देतो, आणि काही दिवसांनी सरकारी राजपत्रात त्याचं नवं नाव छापून येतं. आतल्या माणसाला प्रत्येक सहीसाठी तुरुंगाच्या साहेबाची परवानगी, प्रत्येक शिक्क्यासाठी वकिलाचा हेलपाटा. विजयमालाबाईंनी चपला झिजवून कागद पुरे केले होते, या आठवड्यात दाखल करायचे होते. आणि आता फाइल अर्धी रिकामी होती.

फोटो लावलेला अर्ज गेला होता. फोटो आणि अंगठ्याचं प्रतिज्ञापत्र गेलं होतं. उरला होता शाळेचा जुना दाखला आणि खटल्याच्या निकालाची नक्कल. आणि त्या दोन कागदांच्या मध्ये, जिथून कागद काढले तिथं, चिमूटभर पिवळा भंडारा ठेवलेला. सांडलेला नव्हे. बोटांनी नीट ठेवलेला, देवाच्या पायाशी ठेवतात तसा.

चनबसप्पांनी नाक खाली नेलं, हळद हुंगली आणि कपाटातल्या बाकीच्या फायली बाहेर काढल्या. बाई फायलींच्या नाड्या फुलाच्या गाठीनं बांधायच्या. आता एकूणएक फायलीला निरगाठ होती.

"चोरानं सगळ्यांच्या नाड्या सोडल्या, परत बांधल्या, आणि नेलं मात्र एकाच फायलीतलं," ते म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "नाव बदलायचं कारण काय लिहिलंय त्यानं?"

"नावावरून लोक चेष्टा करतात म्हणून. मीच लिहिलं. तो काही सांगेना, कारण तर लिहावं लागतं."

चनबसप्पांनी मान हलवली. अटकेच्या दिवशी त्यांनीच नाव विचारलं होतं. हातात बेड्या, अंगावर रक्त, आणि पोरगं ताठ मानेनं म्हणालं होतं, येडू. एखाद्यानं गावची पाटीलकी सांगावी तसं.

"बाई, हा माणूस त्या नावाला लाजत न्हाय," ते म्हणाले. "तुमच्या अर्जातच पहिली थाप हाय की."

२

शनिवारी दुपारी बाई कोर्टात होत्या. त्या वेळात ऑफिसात तीन माणसं येऊन गेली होती, आणि झाडलोट करणारी निंगव्वा पाणी भरायला खालच्या नळावर ये-जा करत होती. तिनं तिघांनाही बसवलं होतं आणि तिघंही थोडा थोडा वेळ खोलीत एकटे होते. निंगव्वाला अक्षरओळख नव्हती. फायलींवरची नावं तिला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात, असं ती कन्नडमध्ये म्हणाली. येडू कोण ते तिला ठाऊक नव्हतं, त्याचं तोंड तिनं कधी बघितलं नव्हतं.

पहिला आलेला माणूस शिवराज. मेलेल्या कुंडलिकचा मुलगा. मंद्रूपमध्ये त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान, बी.कॉम. झालेला, बोलायला चोख. नाव बदलण्याला माझा विरोध आहे असं लेखी देऊन तो गेला होता.

चनबसप्पा एसटीनं मंद्रूपला गेले. शिवराजनं त्यांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला, आणि चहा यायच्या आत सांगून टाकलं की होय, मला ते कागद फाडावेसे वाटले होते. खुनी माणूस उद्या पॅरोलवर सुटून नव्या नावानं हिंडेल, नव्या नावानं खोली भाड्यानं घेईल, आणि आमच्या बापाचा खून कुणी केला म्हणून विचारलं तर त्या नावाचा माणूसच नाही असं होईल. चनबसप्पांनी समजावलं की तसं नसतं, निकालात जुनं नाव राहतं आणि नवं त्याच्या शेजारी लागतं, गुन्हा काही धुतला जात नाही. वकीलबाईंनीही आधी फोनवर हेच सांगितलं होतं, शिवराज म्हणाला. डोक्याला पटलं होतं.

मग तो पाइपांच्या भेंडोळ्याकडं बघत बसला.

"आमची आई रोज सकाळी चुलीपुढं बसून त्या नावाला शिव्या घालते, अप्पा. वडील गेल्यापासून. त्यावर तिचा दिवस सुरू होतो. आता ते नावच उठून गेलं तर तिनं कुणाला शिव्या घालायच्या?"

चनबसप्पांनी चहा बशीत ओतला आणि सरळ विचारलं, मग नेलास का कागद?

शिवराज हसला. हसण्यात गंमत नव्हती. "मी नेला असता तर दाखला नेला असता. येडू आणि मी एकाच शाळेतले. ती शाळा बंद पडली, तिची दप्तरं कुठं गेली ते कुणाला ठाऊक न्हाय. तो दाखला गेला की जुनं नाव सिद्ध करायला दुसरा कागद शोधत बसा. अर्ज आन् प्रतिज्ञापत्र काय, बाई पुन्हा करतील. इतकं तर मला कळतंय की."

चनबसप्पांना हे पटलं. चोरानं सोनं टाकून पितळ नेलं होतं. ज्याला वाचता येत होतं त्यानं असं का करावं?

३

दुसरा माणूस कुमार, येडूचा धाकटा भाऊ. त्याचा टेम्पो मार्केट यार्डात उभा असायचा. कांद्याच्या गोणींवर पाय सोडून पेपर वाचत बसला होता, कपाळावर भंडारा लावलेला. चनबसप्पांनी खिशातून फायलीतल्या भंडाऱ्याची पुडी काढली, उलगडून त्याच्यापुढं धरली आणि नुसतं बघत राहिले. या बघण्यानं म्हणे पूर्वी एका दरोडेखोरानं न केलेले गुन्हेही कबूल केले होते.

कुमारवर काही परिणाम झाला नाही. भंडारा मी कपाळाला लावतो, फायलीला कशाला लावू, असं तो म्हणाला. मायाक्का देवीचा भंडारा आमच्या घरात सगळ्यांच्या कनवटीला असतो.

मग चनबसप्पांनी दुसऱ्या बाजूनं घेतलं. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं. एकाचं नाव बदललं की जमिनीच्या कागदात घोळ, आणि घोळात जो बाहेर आहे त्याचा फायदा. किंवा तोटा. कुमार ऐकत राहिला आणि त्याचे डोळे भरत गेले, ते बघून चनबसप्पांनाच बोलणं आवरावं लागलं.

"माझं पोरगं झोळीत हाय, फौजदारसायेब," तो म्हणाला. "बिननावाचं. जन्मून किती दिस झालं, अजून बारसं न्हाय. आदीची दोन गेली. हेचीबी छाती भरती, रात रात धापा टाकतं. बायकू माझी, सोनम, वळसंगला म्हायेरी हाय, ती एका हातानं झोळी हलवती आन् दुसरा हात पोराच्या नाकाशी धरती, शेवास चालतोय का बघाया. आन् तुमी मला इचारता, मी दादाचा कागद नेला का? मला तर तो कागद आजच्या आज व्हायला पायजे."

पोराच्या बारशाचा आणि भावाच्या कागदाचा काय संबंध, हे चनबसप्पांना कळेना.

कुमारनं तोंड पुसलं. आपण नको ते बोलून गेलो हे त्याला समजलं होतं. "ते दादालाच इचारा," एवढंच म्हणून तो टेम्पोत जाऊन बसला.

४

विजयमालाबाईंच्या बरोबर चनबसप्पा तुरुंगात गेले. मुलाखतीच्या खोलीत मध्ये लोखंडी जाळी, इकडं बाक, तिकडं बाक. येडू आला. काळेभोर केस घेऊन आत गेलेलं पोर आता कानशिलावर पिकलं होतं. त्यानं चनबसप्पांना ओळखलं आणि हात जोडले. रागबिग काही नव्हता. पहिला प्रश्न त्यानं बाईंना विचारला तो एकच, कागद गेला का सरकारात?

बाईंनी खाली बघितलं. चनबसप्पांनी सांगितलं की कागद कुणीतरी नेले.

येडूनं जाळीला दोन्ही हातांनी धरलं. जन्मठेप ऐकताना तो इतका हलला नव्हता, आणि तेव्हा चनबसप्पा कोर्टात हजर होते.

"आता खरं कारण सांग," ते म्हणाले. "त्याबिगर मला चोर सापडत न्हाय."

येडूनं सांगितलं. सांगायला त्याला वेळ लागला, कारण अशा गोष्टी त्यांच्यात कुणी बोलत नाही, सगळ्यांना त्या ठाऊकच असतात.

त्याच्या आईला, फुलाबाईला, आधी झालेली लेकरं टिकली नव्हती. पाळण्यातच जायची. तेव्हा ती चिंचलीला जाऊन मायाक्काच्या पायरीवर बसली. पोटात हा होता. पुजाऱ्यानं भंडारा दिला आणि सांगितलं की याचं नाव येडू ठेव. देखणं नाव ठेवलं की मरणाची नजर जाते. येडू म्हटलं की मरण म्हणतं, हे कुणाला नकोसं झालेलं दिसतंय, आणि पुढच्या घरी जातं. नाव ठेवलं आणि पोर जगलं, त्याच्या पाठचा कुमारही तगला. काठी चालली त्या दिवशी गाव जमा होऊन त्याला मारत होतं तरी जगलं. आत दोनदा कावीळ झाली तरी जगलं. घरात सगळ्यांची खात्री होती की हे त्या नावाचं काम.

आता कुमारच्या पोराला तेच नाव हवं होतं. पण हयात माणसाचं नाव त्याच घरात दुसऱ्याला ठेवत नाहीत. आजा गेला की नातवाला आज्याचं नाव मिळतं, तोवर नाही. एक नाव दोघांना ओढायला लागलं की दोघांतला एक जातो.

"मग घरच्यांनी घरच्या घरी तुला अजिनाथ म्हणायचं," विजयमालाबाई म्हणाल्या. "राजपत्र कशाला?"

"मी घरी कुटं हाय, बाई?" येडू म्हणाला. "मी सरकारच्या घरी हाय. रोज सकाळी गिनतीला सरकार वरडतंय, येडू. म्हंजे नाव सरकारजमा हाय. सरकारनंच सोडाया पायजे." मग तो जरा हसला. "मला हितं त्येचा उपेग तरी काय? गिनतीपुरतं वापरायचं आन् ठेवून द्यायचं. तितं पोराच्या कामाला यील."

बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. चनबसप्पा मात्र एकाच गोष्टीला चिकटून बसले होते. हे नाव सोड म्हणून तुला पहिल्यांदा कुणी सांगितलं? कुमारनं?

"न्हाय. त्येला धीरच झाला न्हाय." येडू म्हणाला. "आयेनं. ह्याच जाळीम्होरं बसून मागितलं. पदर पसरून."

५

परतीच्या रिक्षात विजयमालाबाई म्हणाल्या की तिसरं माणूस तर फुलाबाईच होती. शनिवारी बाईंसाठी भाकरी घेऊन आलेली. पण जिनं नाव मागितलं तीच कागद कशाला नेईल? म्हणजे ती वगळली. शिवराज वगळला, कुमार वगळला. उरली निंगव्वा, आणि तिला काय पडलंय?

चनबसप्पा रस्त्याकडं बघत बसले. नाक हुंगत नसलं की त्यांच्या डोक्यात काहीतरी चालू असायचं. सिद्धेश्वर तलावापाशी त्यांनी रिक्षा थांबवली, बाईंना ऑफिसला पाठवलं आणि स्वतः पुन्हा मंद्रूपची एसटी धरली.

फुलाबाई वस्तीवर मेंढरांच्या वाघुरापाशी बसली होती. वाघुर म्हणजे मेंढरं कोंडायचं सुतळीच्या जाळीचं कुंपण; त्याची एक निरगाठ निसटलेली, ती ओढून पक्की करत होती. फौजदाराला बघून उठली नाही, घोंगडं मात्र पुढं सरकवलं. चनबसप्पा गुडघे धरत बसले. वय दोघांचं सारखंच असेल, पण ती त्यांच्या आईएवढी दिसत होती.

त्यांनी आरोप केला नाही. चोर कसा आहे ते नुसतं सांगत गेले, जसं कुणा तिसऱ्याबद्दल बोलावं.

फायलींवर ठळक नावं लिहिलेली असताना चोरानं सगळ्या फायली सोडल्या, म्हणजे चोराला वाचता येत नव्हतं. न वाचता त्यानं येडूचे कागद ओळखले, म्हणजे तो येडूचं तोंड शोधत होता. म्हणून फोटोचे दोन्ही कागद गेले आणि बिनफोटोचा दाखला, जो खरा महत्त्वाचा, तो राहिला. निंगव्वाला वाचता येत नाही, पण तिनं ते तोंड कधी बघितलेलं नाही. शिवराजनं आणि कुमारनं तोंड बघितलंय, पण दोघांना वाचता येतं. आणि वैऱ्यानं नेलं असतं तर भंडारा ठेवला नसता. देवाला दिलेलं परत काढून घेताना माणूस असा भंडारा ठेवतो, माफी मागून.

"आता ज्यानं मागितलं त्यानंच परत का न्यावं, हे माझ्या पोलिसी डोक्यात बसंना," ते म्हणाले. "तेवढं तुमी सांगा, फुलाबाई."

तिनं गाठ पुरी ओढली. मग चोळीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात घडी करून दोन्ही कागद होते. घडी अशी घातली होती की फोटोवर मोड येऊ नये.

"भाकरी द्याया गेलते," ती म्हणाली. "कपाट उगडंच हुतं. मनलं, लेकाचं तोंड बगावं जरा. जाळीतनं नीट दिसत न्हाय. तर फुटूत असा बगाय लागला माज्याकडं. मनलं, हे कागद गेलं की ह्येचं नाव जाणार. आन् नाव गेल्यावर ह्येला कोन राखणार? तितं आत, येकटा." तिनं पिशवीची घडी बोटानं सारखी केली. "नातवाचा शेवास आयकला की वाटतं नाव द्यावं. लेकाचं तोंड बगितलं की वाटतं देऊ नये. नाव येकच हाय, सायेब. मी काय करू?"

चनबसप्पांनी आयुष्यात पुष्कळ चोर पकडले होते. पकडल्यावर काय करायचं ते दरवेळी ठाऊक असायचं. या वेळी नव्हतं.

म्हणून, नुसतं तिचं मन हलकं व्हावं म्हणून, त्यांनी आपल्या आईची गोष्ट काढली. बसव्वा तिचं नाव. मैंदर्गीत ज्या बाईची लेकरं टिकत नसत ती नवं जन्मलेलं पोर बसव्वाला विकायची. मूठभर कोंडा घ्यायचा आणि पोर द्यायचं. कोंड्याच्या मोलाचं, आणि तेही दुसऱ्याचं. मरण अशा पोराकडं ढुंकून बघत नाही. मग पोर आपल्या आईकडंच वाढायचं, पण म्हणायचं बसव्वाचं; सख्खी आईही ते आपलं म्हणायची नाही. आईनं अशी इतकी पोरं घेऊन ठेवली होती की होळीला होळगी, म्हणजे पुरणपोळी, खायला अर्धी गल्ली आमच्या घरात, आणि वडील परसात उपाशी. चनबसप्पा रंगात येऊन सांगत होते. आपण काय बोलून बसलो हे त्यांना फुलाबाईच्या चेहऱ्याकडं बघितल्यावर कळलं.

"माज्या पोटचं तेवडं मरण नेतं," ती हळू म्हणाली. "माजं नसंल तर नेनार न्हाय. मग त्येला नावाचीबी गरज न्हाय."

चनबसप्पा म्हणाले, ती जुनी गोष्ट झाली, तान्ह्या पोरांची.

"तुमीच नेला हुता त्येला," फुलाबाई म्हणाली. "तुमीच घ्या."

त्यांनी पुष्कळ समजावलं. विकलेलं पोर आईच्या मांडीवरच राहतं, त्यात काही जात नाही. तुमचं पोर तर आधीच मांडीवर नाही. आता विकलंत तर खरोखरच विकल्यासारखं होईल. ती म्हणाली, मला ठाऊक हाय. मग तिनं उठून पाटीतून मूठभर कोंडा त्यांच्या ओंजळीत घातला आणि स्वतःचा पदर पुढं धरला. आडदांड गुन्हेगारांना खांद्यावर टाकून आणलेल्या चनबसप्पांच्या हातांना मूठभर कोंडा पेलवेना. पण तो त्यांनी तिच्या पदरात टाकला. तिनं पदराला गाठ मारली, आणि पिशवीतले दोन कागद त्यांच्या हातात ठेवले.

"न्या तुमचं," ती म्हणाली.

६

कागद दाखल झाले. राजपत्रात नाव छापून आलं. तुरुंगात गिनतीला अजिनाथ अशी हाक पडली, आणि त्याच आठवड्यात वळसंगला झोळीतल्या पोराच्या कानात चार बायकांनी येडू म्हटलं. पोराची छाती त्यानं भरायची थांबली का, हे विजयमालाबाईंनी चनबसप्पांना विचारलं. चनबसप्पा म्हणाले, सोनम डॉक्टरांचं औषधही वेळेवर देते.

फुलाबाई महिनाभर मुलाखतीला गेली नाही. मग एक दिवस ती कोर्टामागच्या गल्लीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तुमी जाल तवा मला संगं न्या. चनबसप्पांनी नेलं.

अजिनाथ जाळीपलीकडं येऊन बसला. आईला बघून त्याचं तोंड उजळलं.

"आये..."

"तुमी जेवला का?" फुलाबाई म्हणाली.

तो थबकला. जन्मात तिनं त्याला तुमी म्हटलं नव्हतं. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या शेजारी मान खाली घालून बसलेल्या फौजदाराकडं बघितलं. मेंढक्याचं पोर ते, विकलेल्या लेकरांची रीत त्याला सांगावी लागली नाही. फौजदाराच्या नजर चुकवण्यातच त्याला सगळं कळलं. पलीकडच्या बाकावर कुणाची तरी बायको घरच्या म्हशीबद्दल सांगत होती, तेवढाच आवाज.

"जेवलो, बाई," शेवटी तो म्हणाला. "तुमी कुठल्या?"

"मंद्रूपकडच्या."

"घरी बरं हाय का समदं?"

"बरं हाय. नातू हाय, येडू. आता पालथा पडतो. लई दंगा करतो." तिचा आवाज नीट चालला होता, रस्त्यात भेटलेल्या माणसाशी बोलावा तसा. हात मात्र जाळीशी गेले होते, आणि ते तिला समजलं तशी तिनं ते मागं घेऊन मांडीवर ठेवले.

"आन् लेकरं किती तुमाला?" अजिनाथनं विचारलं.

विचारायला नको होतं, असं चनबसप्पांना वाटलं. पण त्यालाही तो सौदा पक्का करून घ्यायचा होता. तिच्यासाठी असेल, झोळीतल्या पोरासाठी असेल.

"येकच," फुलाबाई म्हणाली. "कुमार."

चनबसप्पांनी कोर्टात उभ्या जन्मात हजार खोट्या साक्षी ऐकल्या होत्या. शपथेवरच्या, पढवलेल्या, विकत घेतलेल्या. इतकी न अडखळता दिलेली साक्ष त्यांनी कधी ऐकली नव्हती. ते भिंतीकडं बघत बसले.

"जपा त्येला, बाई," अजिनाथ म्हणाला, आणि वेळ संपायच्या आधीच उठून आत गेला.